मालवाहू पिकअपमध्ये साधं पेट्रोल टाकावं की ९५ ऑक्टेनचं?

प्रश्न थोडक्यात असा: "सेकंडहँड पेट्रोल पिकअप घेतली आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे तुळजापूर, धाराशिवला पोचवतो. घाट चढताना इंजिन टकटक करतं. पंपावरचा पोरगा म्हणतो ९५ टाका. ह्यूस्टनचे मेहुणे म्हणतात, आमच्या एवढ्या मोठ्या पिकअपला ८७ चालतं, तुम्हाला कशाला ९५? नक्की काय टाकू?"

आधी एक विचारतो, रागवू नका. गाडी पेट्रोलचीच आहे ना? आपल्याकडे पिकअप म्हटलं की डिझेलचीच डोळ्यांपुढे येते. डिझेलला ऑक्टेनचा, म्हणजे इंधन आपणहून न पेटता किती दम धरतं त्याचा, हिशोब लागत नाही, तिथलं गणितच उलटं. डिझेलने दाबाखाली आपणहून लवकर पेटावं अशी अपेक्षा असते आणि त्या मापाला सीटेन म्हणतात. कांद्याच्या सीझनला मार्केट यार्डाजवळ एका ड्रायव्हरने घाईघाईत डिझेल पिकअपमध्ये पेट्रोल भरून घेतलं होतं. टाकी उतरवून धुवावी लागली आणि कांदा रस्त्यावरच दुसऱ्या गाडीत चढवला. म्हणून विचारलं.

पेट्रोलचीच असेल तर साधं टाका. झाकणाच्या आतल्या स्टिकरवर किंवा गाडीसोबतच्या पुस्तकात जो किमान आकडा दिलाय, त्याच्यावर जाण्यात पैशाशिवाय काही जळत नाही. मीही गेली सहा वर्षं टॉवेल आणि चादरीच याच रस्त्यावर नेतो, त्याआधी आठ वर्षं गॅरेजात होतो, आणि या ९५ च्या नादाला मीही लागलो होतो. ते पुढे सांगतो.

मेहुण्यांचं ८७ आधी निकालात काढू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. ते खोटं बोलत नाहीत, पण त्यांचं ८७ आणि आपलं ८७ एक नाही. एकाच पेट्रोलची दोन तऱ्हेने परीक्षा होते. एका सिलिंडरच्या खास इंजिनात ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून पाहतात, त्यातून आरओएन हा आकडा मिळतो. मग ९०० फेऱ्यांवर आणि आत जाणारं मिश्रण चांगलं तापवून पाहतात, तो आकडा एमओएन. दुसरी परीक्षा कडक, म्हणून तिचे गुण कमी. भारतात आणि युरोपात पहिला आकडा सांगतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी पंपावर लिहितात. म्हणजे त्यांचं ८७ हे आपल्या हिशोबात साधारण ९१-९२ होतं आणि त्यांचं ९३ आपल्या ९८ च्या आसपास. मेहुण्यांच्या आणि तुमच्या पेट्रोलमध्ये आकड्यावरून वाटतो तेवढा फरक नाही, फूटपट्टी वेगळी.

आणि तिकडेही सगळ्यांना ८७ चालतं असं नाही. फोर्डची टर्बो इंजिनची एफ-१५० पिकअप साध्या ८७ वर चालते, पण ट्रेलर ओढायचा असेल तर ९१ टाका असं कंपनीच सुचवते. रॅम पिकअपच्या ५.७ लिटर हेमी इंजिनासाठी ८९ ची शिफारस असते. डेन्व्हरकडे उंचावरची हवा विरळ, तिथे ८५ सुद्धा विकतात. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, त्यामुळे उंचीची ती सवलत आपल्याला नाही. उलट मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की इंजिनात जाणारी हवाच तापलेली असते.

आता ऑक्टेन म्हणजे काय. पंपावर ऐकून असं वाटतं की ९५ म्हणजे जास्त ताकदीचं पेट्रोल. तसं अजिबात नाही. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक तापतं, ते आठवा. सिलिंडरमध्ये तेच होतं, फक्त कितीतरी जास्त. पिस्टन वर येतो, पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि प्लगच्या ठिणगीने ते पेटायला हवं. मिश्रणाचा एखादा कोपरा ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच दाबाने आणि उष्णतेने आपणहून भडकला की पिस्टनच्या डोक्यावर हातोडी बसल्यासारखा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात. तुमची टकटक ती हीच, असली तर. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो की हे पेट्रोल किती दाब आणि किती उष्णता सोसून ठिणगीची वाट बघतं. आयसो-ऑक्टेनला १०० गुण, हेप्टेनला शून्य, बाकी सगळं त्यांच्या तुलनेत. ज्या इंजिनात मिश्रण कमी दाबलं जातं, त्याला जास्त सोसणारं पेट्रोल देऊन त्याची ताकद कुठून वाढणार?

ताकदीचं म्हणाल तर उलटीच गंमत आहे. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, १०८ च्या घरात, पण लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम दोनतृतीयांश. पंढरपूर, माळशिरस, माढ्याच्या उसाच्या जिल्ह्यात राहून हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. कारखान्यांतून इथेनॉलचे टँकर निघताना रोज दिसतात. हल्ली साध्या पेट्रोलमध्ये हेच वीस टक्के असतं, म्हणजे ई-२०. बीएस-६ या प्रदूषणाच्या मानकाच्या साध्या पेट्रोलला किमान ९१ आरओएन लागायचा, ई-२० साठी तोच आकडा ९५ धरलाय. म्हणजे पंपावरचा पोरगा ज्या ९५ साठी जास्तीचे पैसे मागतोय, तेवढा ऑक्टेन तुमच्या साध्या पेट्रोलातच बसलाय! ऊर्जेचा हिशोब मात्र असा: पेट्रोल लिटरला ३२ मेगाज्यूल, इथेनॉल २१, वीस टक्के मिसळलं की सुमारे ३०. अॅव्हरेज कमी झालं म्हणून लोक कुरकुरतात, त्यातला काही भाग इथून येतो. ९५ चं महागडं पेट्रोल टाकून ती तूट भरून निघत नाही.

एक पोटगोष्ट: महाग पेट्रोल म्हणजे जास्त ऑक्टेन, हेही दर वेळी खरं नसतं. काही ब्रँडेड पेट्रोलमध्ये फक्त इंजिन साफ ठेवणारी रसायनं घातलेली असतात. नोझलवर ९५, ९७, ९९, १०० असा आकडा लिहिला असेल तरच ते ऑक्टेनचं. १०० वालं तर जास्त दाबाच्या, टर्बोच्या महागड्या गाड्यांसाठी आहे. टॉवेलच्या गठ्ठ्यांना त्याचं काय?

आता माझा किस्सा. चार सिलिंडर, बाराशे सीसी, पेट्रोल गाडी. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी तिसऱ्या गिअरला टकटकायला लागली. पंपावर तुमच्यासारखाच सल्ला मिळाला आणि मी महिनाभर प्रीमियम, म्हणजे ९५ चं, टाकलं. आवाज कमी झाला, पण गेला नाही. मला वाटलं, वा, फरक पडला. पण गॅरेजातली जुनी खोड जाईना, म्हणून टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरायची, असं तीन टाक्या साध्या आणि तीन टाक्या प्रीमियमच्या मोजल्या. साध्यावर १३.९, १४.२, १३.७. प्रीमियमवर १४, १३.८, १४.२. म्हणजे शून्य फरक. तेव्हा लिटरमागे आठेक रुपये जास्त मोजत होतो. दिवसाला बारा लिटर, पंचवीस दिवस, महिन्याला २,४०० रुपये!

मग आवाज कमी का झाला? कारण दुखणं खरं होतं आणि मी त्यावर गोळी घेत होतो. शेवटी गाडीचं पुढचं ग्रिल काढलं तर रेडिएटरवर पांढुरकी गादी बसलेली. टॉवेलच्या कारखान्याच्या आवारात गाडी तासन् तास उभी राहते, तिथला सुताचा तूस हवेबरोबर ओढला जातो, त्यावर धूळ बसते. वारा आत जायचाच बंद झाला होता. इंजिन तापायचं आणि तापलेल्या इंजिनात पेट्रोल आधी भडकायचं. उलट्या बाजूने हलक्या दाबाच्या पाण्याने रेडिएटर धुतला, कूलंट भरलं. शिवाय आधीच्या मालकाने चुकीच्या नंबरचे प्लग बसवले होते, तेही बदलले. त्याच घाटात, त्याच साध्या पेट्रोलवर, आवाज बंद. तुम्हीही एमआयडीसीतच उभे राहता, तेव्हा पहिल्यांदा ते ग्रिल काढून बघा.

पण त्याच्याही आधी आवाज ओळखा. अॅक्सिलरेटर दाबल्यावर, भार असतानाच येतो आणि पाय उचलताच थांबतो, तो नॉकिंगचा. गाडी उभी असताना, न्यूट्रलवरही टिकटिक येत असेल तर ते टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, असू शकतात. एका ठरावीक वेगालाच पत्रा वाजल्यासारखं होत असेल तर सायलेन्सरवरचा पत्रा सैल असतो. या दोघांना पेट्रोल कुठलंही पाजा, काही फरक पडणार नाही.

आणि गाडी चालवण्याची सवय. आमच्याकडे डिझेल बचतीच्या काळातली एक शिकवण आहे की वरच्या गिअरला चालवलं की अॅव्हरेज मिळतं. सपाटीला ठीक. पण भरलेली पेट्रोल गाडी घाटात चौथ्याला रेटायची, फेऱ्या पंधराशेवर, पाय पूर्ण दाबलेला, म्हणजे नॉकिंगला आमंत्रणच. तिसरा, गरज पडली तर दुसरा टाका. इंजिन मोठ्याने ओरडेल, ओरडू द्या, ते त्याला झेपतं. माझ्या हाताखालच्या पोराला हे पटवायला मला दोन महिने लागले. "इंजिन रडायलंय की मालक," हे त्याचं म्हणणं.

नव्या गाड्यांत इंजिनावर नॉक सेन्सर असतो. त्याला ती टकटक ऐकू आली की कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. आवाज दबतो, इंजिन वाचतं, पण गाडी मंद वाटते, आपल्या भाषेत गाडीला पिकअप राहत नाही. (पिकअपला पिकअप नाही, हे आमच्या गॅरेजातलं नेहमीचं रडगाणं.) अशा वेळी जास्त ऑक्टेन टाकलं तर कॉम्प्युटर ठिणगी परत मूळ जागी आणतो आणि गाडी सुधारल्यासारखी वाटते. ते सुधारणं मूळ जागेपर्यंतच. कंपनीने ठरवलेल्या टायमिंगच्या पलीकडे तो जात नाही.

रेडिएटर, कूलंट, प्लग, गिअर हे सगळं बघूनही एप्रिल-मेच्या उन्हात भरलेली गाडी घाटात टकटकत असेल तर तेवढ्यापुरतं ९५ च्या वरचं टाकायला माझी हरकत नाही. इंजिनाच्या डोक्यात कार्बन साचला असला की जागा कमी होऊन दाब वाढतो, आणि तो साफ करून घेईपर्यंत हा उपाय चालतो. बाकीचे दहा महिने नको.

सेकंडहँड घेतलीय म्हणालात, पण कुठल्या सालची ते लिहिलं नाहीत. एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर ऑक्टेनपेक्षा पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील एकदा तपासून घ्या. त्यातल्या बहुतेक गाड्या ई-२० धरून बनलेल्या नव्हत्या, आणि इथेनॉलने जुनं रबर फुगतं किंवा तडकतं. नळी बोटाने दाबून बघा. चिकट लागली किंवा बारीक भेगा दिसल्या तर बदला, आणि सीटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर उद्याची फेरी रद्द करून आधी ते काम करा.