‘-हेल्प’ लिहिल्यावर ‘ई’ चुकीचा आहे असं का सांगतं?

तुमचा प्रश्न असा आहे: लिनक्सवर ‘एलएस’ (फोल्डरमधल्या फाईलींची यादी दाखवणारी आज्ञा) वापरताना ‘एलएस --हेल’ एवढंच लिहिलं तरी मदतीची माहिती येते. ‘एलएस --एच’ला ‘अँबिग्युअस’ म्हणतं, म्हणजे नेमकं कोणतं ते कळत नाही. आणि ‘एलएस -हेल्प’ पूर्ण लिहिलं तर म्हणतं ‘इन्व्हॅलिड ऑप्शन -- ई’, म्हणजे ‘ई’ असा पर्यायच नाही. ‘ई’ तर वेगळा लिहिलाच नव्हता, मग तो आला कुठून?

मी आर्वी तालुक्यात एका जिनिंगमध्ये कॉम्प्युटरचं काम पाहतो. या ‘ई’ने मलाही सुरुवातीला खूप छळलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. आज्ञा इथे देवनागरीत देतोय, टाईप मात्र रोमनमध्येच करायच्या.

एकच डॅश दिला की पुढचं प्रत्येक अक्षर हा स्वतंत्र पर्याय धरला जातो. म्हणजे ‘-हेल्प’ हे ‘एलएस’ने एच, ई, एल, पी असं सुटं सुटं वाचलं. एच त्याच्याकडे आहे, फाईलचा आकार केबी-एमबीत दाखवायला. ई नाही. तिथेच गाडी अडली आणि अडली त्या अक्षराचं नाव त्याने सांगितलं. तुमच्या मनात मदत होती हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. त्यामुळे असा संदेश आला की आधी डॅश मोजा.

दोन डॅशचा नियम वेगळा. ग्नू प्रणालीतल्या (लिनक्सवरची ‘एलएस’ही त्यातलीच) बहुतेक आज्ञा लांब, म्हणजे पूर्ण शब्दाचा पर्याय अर्धवट लिहिला तरी ओळखतात, फक्त तेवढ्या अक्षरांवरून एकच नाव निघायला हवं. गावात नामदेव एकच असेल तोवर ‘नाम्या’ अशी हाक पुरते. दुसरा आला की ‘कोणता?’ असं विचारावं लागतं. ‘एलएस’मध्ये एचने सुरू होणारे हेल्प, हाईड, ह्यूमन-रीडेबल आणि हायपरलिंक असे पर्याय आहेत, म्हणून ‘--एच’ला तो थांबतो. पण संदेशाच्या शेवटी तो ‘पॉसिबिलिटीज’ म्हणून ही सगळी नावं लिहून देतो. घाईत आपण तेवढंच वाचत नाही, आणि उत्तर नेमकं तिथेच असतं.

खरी भीती मला जिथे संदेशच येत नाही तिथे वाटते. ‘एलएस --साईझ’ फाईलने व्यापलेली जागा दाखवतं. म्हणून कोणी त्याचं स्पेलिंग तोडून पहिली दोनच अक्षरं, एस आणि आय, लिहिली तर? ‘--एसआय’ नावाचा पूर्ण पर्याय आधीच आहे, १०२४ ऐवजी १००० च्या पटीत आकार दाखवणारा. नाव तंतोतंत जुळलं की तोच लागू होतो, कोणी काही विचारत नाही.

आता माझ्याकडे काय झालं ते सांगतो. रात्री काट्याच्या पावत्यांवरून चुकाऱ्याची यादी काढणारा एक प्रोग्राम मी पायथॉनमध्ये लिहिला होता. त्यात ‘--पावती-क्रमांक’ असा पर्याय होता. रोज आपोआप चालणाऱ्या क्रॉनच्या ओळीत मी नुसतं ‘--पावती’ लिहिलं. वर्षभर चाललं. पुढच्या हंगामात तारखेनुसार यादी हवी होती म्हणून ‘--पावती-दिनांक’ जोडला. हाताने पूर्ण नावं टाकून तपासलं, सगळं ठीक. रात्रीची ओळ मात्र त्याच दिवसापासून ‘--पावती’ दोघांशी जुळते असं सांगून बंद पडत होती, आणि तो संदेश त्या मशीनवरच्या कोणी न उघडणाऱ्या मेलमध्ये जात होता. तिसऱ्या दिवशी एक कास्तकार हातात काट्याची पावती घेऊन आले, यादीत त्यांचं नावच नाही. भर हंगामात कापूस वेचणीचं काम सोडून आलेल्या माणसाला मी ‘उद्या या’ म्हणालो. त्यांची ती फेरी मी लिहायचं टाळलेल्या एका शब्दामुळे पडली, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून हाताने टाईप करताना खुशाल छोटं लिहा, पण फाईलमध्ये साठवणार असाल तर पूर्ण नावच लिहा. गिट या प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या माहितीपुस्तिकेतही हेच सांगितलं आहे: ‘--अमेंड’ऐवजी ‘--अमेन’ चालतं, पण स्क्रिप्टमध्ये (आज्ञा साठवलेल्या फाईलमध्ये) नको, कारण पुढच्या आवृत्तीत नवा पर्याय आला की गोंधळ होईल. पायथॉनमध्ये असे पर्याय वाचणाऱ्या आर्गपार्स या भागात ‘अलाउ_अब्रेव्ह’ फॉल्स केलं की अर्धवट नावं बंदच होतात. ही सोय पायथॉन ३.५ पासून आहे, पण ३.८ च्या आधी ती लावली की ‘-व्हीव्ही’ अशी जोडून लिहिलेली छोटी अक्षरंही चालेनाशी होतात. जुन्या मशीनवर हे लक्षात असू द्या.

एकाच डॅशला जोडून लिहिलेल्या अक्षरांत अजून एक जागा फसवी आहे. ‘टार’ (अनेक फाईली एका फाईलीत बांधणारी आज्ञा) वापरताना ‘टार -सीव्हीएफ’ऐवजी ‘-सीएफव्ही’ लिहिलं तर? एफला पुढे फाईलचं नाव लागतं, म्हणून त्याच्या लगेच पुढचं व्ही हेच नाव धरलं जातं. मग ‘व्ही’ नावाची फाईल तयार होते आणि तुम्ही दिलेलं बॅकअपचं नाव सापडत नाही अशी तक्रार येते. एफ नेहमी शेवटी.

आणि फोनवर कोणी पाठवलेली आज्ञा जशीच्या तशी चिकटवली असेल, तर डॅश नीट बघा. काही कीबोर्ड आणि वर्डसारखे प्रोग्राम दोन छोट्या डॅशची एक लांब रेघ करून टाकतात. ‘एलएस’ त्या रेघेला फाईलचं नाव समजतं आणि ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’ म्हणतं. रेघ पुसा आणि दोन्ही डॅश स्वतःच्या हाताने टाका.