जुन्या एमजीबीचं (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) ब्रेक पेडल स्पंजसारखं दबतंय. ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा (एअर) घरीच काढता येईल का?

येईल, फक्त पेडल दाबायला एक माणूस हवा. आधी मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे पट्टे) बघा. एमजीबीला पुढे डिस्क, मागे ड्रम. शू ढिले असले तरी पेडल खोल जातं आणि आपण उगाच एअर शोधत बसतो. बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) मागे चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर आहे, तो आधी नीट लावून घ्या.

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर नको. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. चाकाजवळच्या निपलला (हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. "दाब" म्हटलं की त्याने दाबायचं, तुम्ही निपल पाव फेरा सैल करायचा, बुडबुडे येतील; निपल घट्ट केल्यावरच "सोड". हा क्रम चुकला की हवा परत आत.

महत्त्वाचं म्हणजे पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या टोकाशी गंज साचलेला असतो. पेडल जमिनीला टेकवलंत तर त्यावर घासून सील फाटतं, आणि काम दुप्पट होतं.

ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका. डॉट ४ प्रकारचं घ्या, सीलबंद डब्यातलंच, कारण ते हवेतलं पाणी शोषतं: नवं असताना उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग पोपडे धरतो.