काश्मीरच्या ओढ्यांमधला ट्राउट मासा मूळचा तिथलाच का? आणि तो माशीने कसा पकडतात?

नाही, ब्राउन ट्राउट बाहेरून आणलेला आहे. 1899 साली ब्रिटनहून बोटीने पाठवलेली अंडी वाटेतच खराब झाली. 1900 मध्ये दुसऱ्यांदा आलेली मात्र जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी त्यासाठी फार खटपट केली. दाचीगामजवळ हारवनला ट्राउटची पैदास होऊ लागली आणि पिल्लं लिद्दरसारख्या नद्यांत सोडली गेली. बर्फाचं थंड, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी त्यांना मानवलं.

गळाला लावतात ती माशी खरी नसते, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती नुसती भिरकावून लांब जात नाही. म्हणून जाड, वजनदार दोरी वापरतात. काठी मागे-पुढे झुलवली की दोरीच माशीला ओढून नेते. पाण्यावर पडल्यावर माशी प्रवाहाबरोबर वाहायला हवी. दोरीचा ताण बसून पाण्यावर रेघ उमटली की ट्राउट फिरकत नाही. माझ्या मते सगळं कसब इथेच आहे.

लिद्दरला जाणार असाल तर मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. नदीचे ठरावीक टप्पेच गळासाठी दिले जातात.

तिथला मूळ मासा, हिम-ट्राउट, हा वेगळाच. तो कार्पच्या कुळातला. त्याचीही तितकीच काळजी घ्यायला हवी.