शेजारी टॉवर येतोय, परवानगीही मिळाली आहे. आता कोर्टात जाऊन उपयोग आहे का?

शेजारच्या चाळी पाडून तीन टॉवर उभे राहणार आहेत, परवानगी मिळून गेली आहे, तर सोसायटीने आता काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण दिवस मोजायला आजपासूनच लागा.

परळला आमच्या सोसायटीने हे केलंय. पहिल्या सभेत सगळे उजेड जाईल, वारा अडेल, पाणी पुरणार नाही यावरच बोलत होते. वकिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नियम कुठला मोडलाय?" हायकोर्टात रिट करा किंवा जनहित याचिका, तिथेही हेच विचारतात. त्याचं उत्तर फायलीत असतं. म्हणून आधी माहितीच्या अधिकारात आयओडी (बांधकामाला अटींसह मिळणारी पहिली मंजुरी), सीसी (काम सुरू करण्याचा दाखला), मंजूर नकाशे आणि अग्निशमन दलाची एनओसी मागवा. मात्र परवानगी कोणी दिली ते आधी बघा. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजना असेल तर फाइल त्या योजनेच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे एसआरएकडे असते, महापालिकेत हेलपाटे घालून हाती काही लागत नाही.

आमच्या फायलीत नकाशावर गल्ली ९ मीटर दाखवली होती. आम्ही चौघे पहाटे, गाड्या लागायच्या आत, टेप घेऊन उतरलो. पिठाच्या गिरणीपाशी ६.८ मीटर भरली. रस्त्याच्या रुंदीवर एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येईल ते, ठरतो, त्यामुळे हा फरक किरकोळ नव्हता. तुम्हीही मोजा, पण नकाशातली रुंदी आजची आहे की विकास आराखड्यातली प्रस्तावित, हे तपासल्याशिवाय आरोप करू नका. आमच्याकडे ती आजची म्हणून दाखवली होती. मोजमापाच्या फोटोंसह तक्रार दिली, सुनावणी झाली आणि नकाशे बदलावे लागले. टॉवर थांबला नाही, पण गल्लीच्या बाजूची भिंत मागे गेली. आता बंब आत वळतो.

उशिराचं म्हणाल तर गिरण्यांच्या जमिनींचं प्रकरण आठवा. त्या जमिनींवरच्या बांधकामाचा नियम ५८ बदलला २००१ मध्ये, जनहित याचिका झाली २००५ मध्ये. हायकोर्टात ती जिंकली, पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि त्यात याचिकेला झालेल्या उशिराचाही विचार झाला. गिरणगावात राहणाऱ्याला ते अजून सलतं. तुमच्याकडे लोकांनी फ्लॅट बुक करून पैसे भरले, की कोर्टाला त्यांचाही विचार करावा लागतो.

बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण दिलं तर आणखी ६०. त्यानंतर लवाद अपील घेऊ शकत नाही, त्यामुळे त्या मंजुरीची तारीख सगळ्यात आधी काढा.

सीसी प्लिंथपर्यंतची (जोत्यापर्यंतची) आहे की पुढची, आणि पर्यावरण मंजुरीची तारीख काय, एवढं कळलं की इथेच लिहा. पुढचं सांगतो.