तोट्यातला शेअर का सुटत नाही?

प्रश्न (एक वाचक, म्हापसा) : चवथीच्या खर्चासाठी मी नफ्यातले शेअर विकतो, तोट्यातले मात्र ‘खरेदीच्या भावाला आले की पाहू’ म्हणत राखून ठेवतो. हे योग्य आहे का?

उत्तर : बहुधा नाही. गुंतवणूकदारांच्या वर्तनाचे अमेरिकी अभ्यासक टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतील एका ब्रोकरकडील १०,००० खात्यांचे १९८७ ते १९९३ मधील व्यवहार तपासून १९९८ मध्ये दाखवून दिले की, गुंतवणूकदार नफ्यातील शेअर तोट्यातील शेअरांपेक्षा सुमारे दीडपट प्रमाणात विकतात, आणि विकलेल्या नफ्यातील शेअरांचा पुढील वर्षभरातील परतावा राखून ठेवलेल्या तोट्यातील शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरला. तुमचा खरेदीभाव बाजाराला ठाऊक नसतो! डिसेंबरमध्ये मात्र करवजावटीसाठी, म्हणजे विक्रीतला तोटा नफ्यातून वजा करून कर कमी करण्यासाठी, तिथे हा कल उलटतो. आपल्याकडे त्यासाठी ३१ मार्चपूर्वी विक्री करावी लागते आणि विवरणपत्र मुदतीत भरल्यास उरलेला भांडवली तोटा पुढील ८ वर्षे ओढता येतो.