सर्व्हर लांब असला की

लांबच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे, लॉगिन करताना पासवर्डवर विसंबू नकोस. एसएसएच-कीजेन या कमांडने ईडी२५५१९ प्रकारची कीची जोडी (एक पब्लिक, एक प्रायव्हेट) बनव, प्रायव्हेट कीला पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड, दे आणि सर्व्हरवर फक्त पब्लिक की टाक. प्रायव्हेट की कुणालाही पाठवायची नाही, मलासुद्धा.

एसएसएचडी म्हणजे सर्व्हरवर ही लॉगिनं घेणारी सर्व्हिस; तिच्या सेटिंगला हात लावताना मात्र सावकाश. आधी 'एसएसएचडी -टी' चालवून फाइल तपास, मग सर्व्हिस रीलोड कर, पण चालू विंडो बंद करू नकोस. दुसऱ्या टर्मिनलमधून नवं लॉगिन होतंय का बघ. नसेल होत, तरी रीलोडने जुनं सेशन तुटत नाही, तिथूनच चूक सुधारता येते. मी एकदा फायरवॉल चालू केली आणि पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं नेहमीचं दार, उघडायचं विसरलो. रात्री ११ वाजता डेटा सेंटरला फोन लावत बसलो होतो.

मोठं अपग्रेड टीमक्समध्येच चालव; कनेक्शन तुटलं तरी ते सर्व्हरवरचं टर्मिनल जिवंत ठेवतं. घरचं वायफाय गेलं तरी काम तिकडे चालूच राहतं, परत येऊन 'टीमक्स अटॅच' म्हटलं की झालं.

आणि रीबूट मारण्याआधी प्रॉम्प्टवरचं (कमांड टाइप करतो त्या ओळीच्या सुरुवातीचं) मशीनचं नाव वाच. चार टर्मिनल उघडी असली की भलतंच मशीन रीबूट होतं. डेबियन लिनक्सवर मॉली-गार्ड नावाचं पॅकेज आहे, ते एसएसएचवरून रीबूट करताना आधी होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, टाइप करायला लावतं. वैताग येतो, तरी टाकून घे.