पोच घेतलीस का?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मोबाइलवर रस्त्यातल्या खड्ड्यांचे फोटो दाखवलेस आणि उठताना म्हणालीस, "काका, सरकारला सांगून सांगून थकले." तुझा चेहरा पाहून मी तेव्हा बोललो नाही. पाच महिन्यांत तू तहसीलदारांना भेटलीस, आमदारांच्या कार्यालयात दोनदा गेलीस, सार्वजनिक बांधकाम विभागात फोन केलेस आणि शेवटी मंत्र्यांना उद्देशून फोटो टाकलेस. या साऱ्या पायपिटीची पोच मात्र तुझ्याकडे एकही नाही. गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख असलेला चिठोराही नाही. मग तू सांगितलेस ते नेमके कोणाला?

तुझा रस्ता गावापासून फाट्यापर्यंतचा आहे, म्हणजे बहुधा ग्रामीण मार्ग. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. दोन्हीकडे बांधकाम विभाग, दोन्हीकडे कार्यकारी अभियंता, त्यामुळे भलेभले चुकतात. तहसीलदारांकडे वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर दाद मागता येते, त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. पण डांबर टाकणे हे त्यांचे काम नव्हे. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी ही महसुलाची शिडी, आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), गटविकास अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी ही जिल्हा परिषदेची. तू पाच महिने चुकीच्या शिडीवर चढत होतीस, आणि खाली उतर असे तुला कोणी सांगितले नाही, कारण तोंडी विचारणाऱ्याला उत्तर देण्याचे बंधन कोणावर नसते. लेखी अर्ज दिला असतास तर तो 'या कार्यालयाशी संबंधित नाही' असा शेरा मारून का होईना, पुढे वर्ग करावा लागला असता आणि त्याची प्रत तुला मिळाली असती.

वरच्या बाजूचेही तसेच आहे. कोणताही शासन निर्णय उघड. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे लिहिलेले असते, सही मात्र एखाद्या उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची असते, आणि निर्णय त्या खात्याच्या मंत्र्याचा किंवा मंत्रिमंडळाचा असतो. राज्यघटनेने कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या नावे ठेवला आणि मंत्रिमंडळाला सामूहिकरीत्या विधानसभेला जबाबदार धरले, ते त्या एका पानावर दिसते. विधानसभेचे २८८ सदस्य अर्थसंकल्प मंजूर करतात, कायदे करतात, मंत्र्यांना तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागणारे, प्रश्न विचारतात. तू आमदारांना विनंती कसली केलीस, तर "साहेबांना एक फोन करा." त्या फोनची नोंद कुठे झाली? आमदाराला वजनदार कारकून करून टाकायचे आणि मग तो सभागृहात बोलत नाही म्हणून ओरडायचे, ही आपली जुनी खोड आहे.

मी पोचीवर इतका का अडून बसतो, हे तुझ्या वडिलांनाही ठाऊक नाही. नोकरीला लागलो त्या सुमारास, एका तालुक्याच्या कार्यालयात, मी टपाल घेत असे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन एक विधवा बाई आल्या. मार्च जवळ आला होता, प्रलंबित अर्जांचा आकडा वाढू नये म्हणून नवे अर्ज नोंदवू नका, असा तोंडी आदेश होता. मी म्हणालो, "ठेवून जा, बाई." त्यांनी विश्वासाने ठेवला. आठ महिन्यांनी त्या विचारायला आल्या तेव्हा 'अर्ज प्राप्त झाल्याचे दिसून येत नाही' हे उत्तर माझ्याच अक्षरात लिहिले गेले. मी नवा होतो, घरी आजारपण होते, वरच्यांशी वैर परवडणारे नव्हते. हे सगळे खरे आहे. त्यानंतर बदली होईपर्यंत मी एकही अर्ज पोच न देता घेतला नाही, त्यासाठी दोनदा बोलणी खाल्ली, हेही खरे आहे. पण त्या बाईंच्या हातात शिक्का असता तर ते उत्तर लिहिण्याची माझी छाती झाली नसती. मी कितपत सज्जन आहे, यावर त्यांना अवलंबून राहावे लागले नसते.

तेव्हा कायदा नव्हता, आता आहे. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा राज्याचा अधिनियम सांगतो की, कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दाखल्यांसारख्या अधिसूचित सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्यात दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो. खड्ड्यांसाठी तो सहसा उपयोगाचा नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून आपल्या अर्जावरची टिपणी मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण हे सात आणि तीस दिवस मोजायचे कोणत्या तारखेपासून? पोचीवरच्या. तुझ्या फोटोखाली दोनशे जणांनी 'लाइक'चे अंगठे दिले आहेत, त्यातला एकही आवक नोंदवहीत नाही.

आणखी एक, यावर मात्र मी रागावणार आहे. तू मतदार होऊन चार वर्षे झाली आणि ग्रामसभेला एकदाही गेली नाहीस. रस्त्याची मागणी तिथे मांड, ठराव लिहून घे, ठरावाची प्रत ग्रामसेवकाकडून सही-शिक्क्यानिशी घे. राज्यातल्या बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक महिने प्रशासक कारभार पाहत राहिले. रस्त्याच्या निधीसाठी भांडायला आपला सदस्यच नाही, हे किती गावांना जाणवले? तू तरी मला ते सांगितले नाहीस. मीच तुला सांगितले.

आता सोमवारी असे कर. कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद यांच्या नावे एका पानाचा अर्ज लिही. मार्गाचा क्रमांक ग्रामपंचायतीतून घे, लांबी लिही, ठराव नंतर जोडता येईल. दोन प्रती ने. "साहेब नाहीत" असे म्हणतील. साहेबांकडे नाही, टपाल द्यायला आले आहे, असे नम्रपणे सांग. "ठेवून जा" म्हणाले तर ठेवू नकोस. फारच अडले तर पोचपावतीसह टपालाने पाठव. अर्जाच्या मजकुरात भाषेच्या चुका राहिल्या तरी मला चालतील.

संध्याकाळी मला फक्त आवक क्रमांक कळव.

तुझा,
काका